रांधणारीचं रिटर्न

लग्नात स्टेजवर चढून नवरीला "पॅन कार्ड आधाराक जोडलंस मा गो?" असं विचारणारा माणूस मालवणात एकच, आमचे शेजारी इनासमास्तर. आहेराच्या पाकिटात शंभराची नोट आणि एक चिठ्ठी: 'लग्नातल्या आहेरावर कर नाही. यादी जपून ठेवा.' लग्न चर्चमधलं असो की मांडवातलं, चिठ्ठी तीच.

मास्तरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. आता निम्म्या गावाचे रिटर्न भरतात. शेजारी म्हणून सूट मागितली, तर म्हणतात, "सूट कायद्यात आसता, शेजारात नाय." मार्चअखेर कोणी कर वाचवायला धावत आला, की त्याला दारातच थांबवतात. "आंबो काढूच्या दिवसात झाड लावता काय रे कोण?"

एका होडीवाल्याला कागदावर बायकोला पगार दाखवायचा होता. मास्तरांनी तिलाच बोलावलं. "होडयेचा नाव काय गो?" तिला सांगता येईना. "बघ, तुझी नोकरी गेली."

मागच्या वर्षी आमची पाळी आली. पर्यटकांना देतो त्या दोन खोल्या नवऱ्याच्या, खानावळ माझी. पण सगळं उत्पन्न त्याच्याच रिटर्नमध्ये, त्याच्या पगाराच्या डोक्यावर. कर वाढत होता. शिवाय मला स्वयंपाकघर वाढवायचं होतं आणि बँक माझ्या नावचं रिटर्न मागत होती. ते नव्हतंच.

मास्तरांनी नवऱ्याला समोर बसवलं.

"मासळी कोण आणता?"

"ही."

"रांधता कोण?"

"हीच."

"आणि तू?"

"मी पावण्यांका स्टँडावरसून आणतंय."

"मगे जेवणाची कमाई हिची, खोल्यांचा भाडा तुझा. खाती वेगळी, रिटर्न वेगळे. कर कमी, आणि खोटा कायच नाय."

नवरा कुरकुरला. "मास्तरांनू, घर एक. दोन फायली कित्याक? कागदार कोणाचाय नाव असला, तरी काय फरक पडता?"

झालं, मी मनात म्हटलं. माझं स्वयंपाकघर राहिलं.

मास्तर उठले. कपाटातून एक झेरॉक्स आणून त्याच्यासमोर ठेवली. रोझाबाय गेल्या तेव्हाचा, मृत्यूची नोंद करायचा फॉर्म. अक्षर मास्तरांचंच. मयताचा व्यवसाय: नाही.

रोझाबाय म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं या किनाऱ्यावर बहुतेक लग्नांचे केक रोझाबायनीच केले.

"केक तिचे, रिटर्न माझे," मास्तर म्हणाले. "तिच्या नावाचो एक कागद नव्हतो. म्हणान 'नाय' लिवलंय. तेवाय मी नियमच बघलंय रे."

नवऱ्याने ती झेरॉक्स वाचून मास्तरांना परत दिली. मग टेबलावरचा, रिटर्नच्या माहितीचा कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी नाव लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात 'खानावळ' लिहिलं.

मास्तरांनी चष्मा पुसून अर्ज उजेडात धरला आणि मला परत दिला.

"ठळक लिव गो."