चारशे बारा साधनांची यादी

विद्या मिळवण्यापेक्षा ती नेमकी कुठून मिळवावी हे ठरवणे अधिक कठीण असते. बाकी शिकणे काय, कोणीही शिकतो.

माझ्या ताईचे शिवणाचे दुकान मुख्य रस्त्यावरून मागच्या गल्लीत हलले. गिऱ्हाइके जुन्या दाराचे कुलूप बघून परत फिरू लागली. नवा पत्ता सांगणारे एक वेब पान हवे होते. भाऊजींनी ते स्वतः शिकून बनवण्याचे जाहीर केले आणि प्रथम उत्तम शिक्षणसाधनांचा शोध हाती घेतला.

शोध आठ महिने चालला (प्राथमिक टप्पा). एकूण साधने चारशे बारा. पैकी मोफत तीनशे सहा, मोफत म्हणवून तिसऱ्या धड्याला हात पसरणारी नव्वद, आणि ‘दहा दिवसांत तज्ज्ञ व्हा’ या जातीची सोळा. प्रत्येकाला गुण, शेरा आणि रंग. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरे, तांबडा म्हणजे नंतर बघू. प्रत्यक्ष कोड लिहिण्याची वेळ एकदा आली होती. पण तुलना अपुरी असल्याने तो उतावीळपणा टळला. तहान लागल्यावर विहीर खोदणारे पुष्कळ असतात, विहिरींची यादी करणारे भाऊजी एकटेच.

यादीची कीर्ती त्यांच्या कचेरीभर झाली. इकडे ताईची मदतनीस काम सोडून गेली आणि दोनपैकी एका मशीनवर चादर पडली. मला वाईट वाटले, पण संशोधनात ढवळाढवळ कोण करणार?

एके दिवशी जेवताना ताई शांतपणे म्हणाली, “महिनाअखेरीला दुकान बंद करते. तुमचं पान झालं की त्यावर तेवढं लिहा.”

“पाया कच्चा ठेवून घर बांधायचं का?” भाऊजी दुखावले.

दुसऱ्या दिवशी दुकानात ताईने यादीतले सर्वांत वरचे साधन उघडले. दुपारी गिऱ्हाईक नसायचेच. चार दुपारी बसून तिने पान केले. फोटो आडवा, अक्षरे एकमेकांना खेटलेली, आणि खाली पत्ता: ‘मागच्या गल्लीत आहे, या.’ पहिल्या आठवड्यात अकरा जणी आल्या. पुढच्या महिन्यात मशीनवरची चादर निघाली.

भाऊजींनी पान बारकाईने तपासून रंगसंगतीला दहापैकी चार गुण दिले आणि ते यादीत चारशे तेरावे म्हणून नोंदवले (तांबडा).

यादी आजही मागेल त्याला मिळते. दोनशेहून अधिक जणांनी नेली. त्या चार दुपारी ताईने काय काय केले, हे मात्र एकानेही विचारलेले नाही. तुम्हीसुद्धा मघापासून त्या सर्वांत वरच्या साधनाचे नावच शोधत आहात.