शाणूबाबांचं अंतर

आमच्या शेजारच्या शाणूबाबांशी बोलायचं म्हणजे थोडं ओरडावंच लागतं. कान त्यांचे ठणठणीत आहेत हो, पण ते उभेच लांब राहतात. तुम्ही एक पाऊल पुढे टाका, ते एक मागे घेतात. एकदा बोलता बोलता मी त्यांना त्यांच्याच तुळशीपर्यंत मागे नेलं होतं. माझ्या लग्नाच्या फोटोत तर त्यांचं फक्त कोपर आलंय.

डिचोलीच्या एका इस्पितळात त्यांनी तीस वर्षं एक्स-रे काढले. रोग्याला "श्वास धर" म्हणायचं आणि आपण भिंतीआड जाऊन बटण दाबायचं. निवृत्त झाले तरी ती भिंत काही सुटली नाही. "अंतर, वेळ, आडोसा!" हा त्यांचा मंत्र. किरणांपासून वाचायचे हे तीन उपाय, पण शाणूबाब ते पाहुण्यांना, भुंकणाऱ्या कुत्र्याला आणि मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही लावायचे. "दुप्पट अंतर, चौथाई मार!" म्हणत दाराआडून नमस्कार. त्यांच्या बायको कुंदाकाकी कपाळाला हात लावायच्या. "ह्यांनी संसार केल्यानी की एक्स-रे काढल्यानी, देवाक ठावक!"

गेल्या वर्षी काकींच्या गळ्यात गाठ निघाली. दोघं मुंबईला गेली. ऑपरेशन झालं, मग उरलंसुरलं जाळायला किरणोत्सारी आयोडिनाचं औषध देऊन त्यांना एका खोलीत एकटं ठेवलं. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस कुणी जवळ बसू नये.

झालं! आमच्या कारापूर गावभर बातमी, कुंदाकाकी अणुबॉम्ब गिळून आली. पाववाला पदेर पिशवी फाटकाला अडकवून सायकल पिटाळायचा. माझ्या बायकोने त्या बाजूचं जनेल, खिडकी हो, लावून घेतलं, आणि मी, एवढा शिकलेला माणूस, उठून कडी नीट बसली का ते बघितलं.

शाणूबाब आमच्याकडे आले. आले म्हणजे रस्त्यापलीकडे उभे राहिले.

"बॉम्ब खंयचो रे! बॉम्बात एक अणू फुटता, तो दुसऱ्याक फोडता, दुसरो तिसऱ्याक. हयसर तसा काय नाय. ह्यो आयोडिनाचो अणू एकटोच धुमसता. आठ दिवसांनी औषधाची ताकद अर्धी." मग आवाज उतरला. "तू रस्त्यावरसून तरी तिका हाक मार रे. तिका वाटता, लोकांनी आपणाक टाकल्यानी. सगळो दिस वाटेक डोळे लावन बसता."

"येतो, येतो," म्हणालो. गेलो नाही. सांगायला लाज वाटते.

डॉक्टरांनी दोन मीटर सांगितले होते, शाणूबाबांनी चार मोजून खडूने रेष मारली. रेषेच्या त्या बाजूला दारापुढच्या बाल्कांवात काकी, ह्या बाजूला अंगणात लाकडी कदेल टाकून बसलेले शाणूबाब. त्यात काकींना कमी ऐकू येतं. मग काय, नवराबायकोचं खाजगी बोलणं अख्खी वाडी ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "कोणच येणा नाय. मी मेलंय असतंय तर लोका तरी इली असती."

"असा बोलू नको!" शाणूबाब केवढ्याने ओरडले! "त्या खोलीत तुका एकटी बंद केल्यानी, तेव्हा मी दारासमोर बसान होतंय. घास गिळवला नाय. तुका कायतरी झाला तर मी घराक कसो जातलंय? कोणाकडे? माका भीती वाटली गो, कुंदा!"

"हळू बोला, लोक ऐकतत!"

"ऐकांदेत!"

काकींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "इतकी वर्सां एका घरात रवलो. ह्या आधी बोलूक काय झालेला?"

शाणूबाब गडबडले. आवाज मात्र तेवढाच मोठा.

"बाजूक बसान असला कसा बोलतलंय? लाज वाटता माका!"

काकी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. इकडे मी चपला पायात सरकवल्या, त्यांच्या फाटकाशी गेलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "काकी, जेवलात काय?"