शीलाताईंचे पास झालेले नायक

शीलाताईंच्या कादंबरीतल्या नायकानं नायिकेला उचलून चौथ्या मजल्यावर न्यायचं ठरवलं आणि कांद्याचं पोतं माझ्या हातात आलं.

पोतं चाकणच्या बाजारातलं, भरगच्च पन्नास किलोचं. मी ते पाठीवर घ्यायला गेलो तर बाई गरजल्या, "पाठीवर नाही हो! नायिका आहे ती, हमाली नाही. दोन्ही हातांवर घ्या. अलगद."

"नायिकेचं वजन किती धरलंय?"

"बावन्न. दोन किलो तुम्हाला सूट दिली, अरुणभाऊ. चला."

निगडी प्राधिकरणातली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मी गणपतीतल्या नाटकांचा हुकमी नट, त्यामुळे माघार घेणं शक्य नव्हतं. आठ-दहा पायऱ्या चढलो तोच मागून हुकूम आला, "आता तिच्या डोळ्यांत बघा आणि बोला."

मी पोत्याच्या शिवणीत बघितलं आणि म्हणालो, "आई गं!"

पहिल्या मजल्याच्या वळणावर मी नायिकेसकट खाली बसलो. माझ्या बायकोनं, मंगलनं, दारातूनच पाण्याचा तांब्या दिला आणि "नायिका चिरायला घेऊ का?" असं विचारून ती आत गेली. शीलाताईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि शांतपणे काहीतरी खोडलं.

छापून आलेल्या कादंबरीत नायक नायिकेला उचलतो, पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत नेतो, तिथं दोघं पायरीवर बसून पाणी पितात आणि उरलेले जिने हात धरून चढतात. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्या प्रसंगावर बायका म्हणे रडल्या. पाणी मी प्यायलो होतो हे त्यांना कोण सांगणार?

तर अशा या शीलाताई मोरे. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्या चौथ्या मजल्यावर राहतात आणि प्रेमाच्या कादंबऱ्या लिहितात. उभा जन्म त्यांनी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात काढला, आधी भोसरीला, मग कंपनीबरोबर चाकणला. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म करतात, पासबुकं भरून आणतात. बाईंनी टेबल मांडलं, कागदांवर वजन म्हणून पत्र्याची जाडी मोजायचं व्हर्नियर ठेवलं आणि नायक तपासायला घेतले.

"डोळ्याला बरा दिसतो म्हणून माल पाठवायचा नाही," हे त्यांचं ब्रीद. कादंबरीतली एकही गोष्ट करून बघितल्याशिवाय त्या छापायला देत नाहीत. एका नायकानं डब्याच्या पिशवीतून नायिकेसाठी गुलाब न्यायचा होता. बाईंनी स्वतः गुलाब डब्याच्या पिशवीत ठेवून दिवसभर फिरवला. संध्याकाळी गुलाबाला लसणाच्या चटणीचा वास! गुलाब बाद झाला. पुस्तकात नायक तिखट-मीठ लावलेला पेरू देतो. मी सांगतो, त्या पेरूपुढे जगातले सगळे गुलाब झक मारतात.

त्यांचे नायकही असेच, हाताला ग्रीस लागलेले. कुणी फोर्कलिफ्ट चालवतो, कुणी बाजारात कांदा तोलतो, एक दिघीचा जवान आहे, एक कँटीनमध्ये पोळ्या मोजतो. पुण्याचे प्रकाशक एकदा म्हणाले, "ताई, एखादा नायक श्रीमंत घ्या ना. कंपनीच्या मालकाचा मुलगा वगैरे."

"मालकाच्या मुलाला मी पाहिलंय," शीलाताई म्हणाल्या. विषय संपला.

माल तपासून झाला की बाई तोंडानं काही बोलत नाहीत, हातानं निकाल देतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला आणि हात डोक्यावर नेला की पास. तळहात पालथा धरून होडीसारखा डोलवला की रीवर्क, म्हणजे माल वाईट नाही, पण पुन्हा घासून आणा. अंगठा खांद्यावरून मागे गेला की स्क्रॅप, सरळ भंगारात. माझ्या अभिनयाला आजवर भंगाराच्या वर जाता आलेलं नाही. पोत्याला मात्र तेव्हा पास मिळालं होतं.

ही हातांची भाषा त्यांच्या कंपनीतल्या प्रेसशॉपची. तिथं पत्र्याचे भाग ठोकणारी अजस्र यंत्रं दिवसरात्र आदळत असतात. शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर. आडवा तळहात म्हणजे मशीन बंद. अंगठा ओठांकडे म्हणजे चहा. मिशीवरून बोट फिरवलं की सुपरवायझर आला, मग त्या सुपरवायझरला मिशी असो वा नसो.

शीलाताईंचे यजमान मोरेदादा त्याच प्रेसवर होते. यंत्रांनी त्यांचा पगार दिला आणि ऐकू येणं हळूहळू कापून घेतलं. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं, ते डबीत पडून आहे. "त्यात नुसती कुकरची शिट्टी येती," अशी दादांची तक्रार. दादा मूळचे मावळातले, आवाज खणखणीत. त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं कुजबुजणं पुढच्या सेक्टरात पोचतं. रोज संध्याकाळी ते खालच्या बाकावर बसतात. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत शीलाताई येतात, अंगठा ओठांकडे नेतात. दादा खालून ओरडतात, "व्हय, आलो!" आणि सगळ्या बिल्डिंगला कळतं की चहा झाला.

दादांनी बायकोची एकही कादंबरी वाचलेली नाही. पेपर उघडला की ते कांद्याच्या भावापाशी थांबतात.

"बरंच आहे," शीलाताई एकदा म्हणाल्या. "माझे सगळे नायक यांच्यापेक्षा उंच आहेत."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. व्हर्नियर उघड-मीट करत म्हणाल्या, "एकदा तरी यांना कळायला हवं होतं, भाऊ, मी दिवसभर वर बसून काय करते ते. वाचायचा कंटाळा आणि वाचून दाखवावं तर ऐकू येत नाही. सगळ्या कंपनीच्या बसला माहीत आहे. माझ्या घरात माहीत नाही."

त्यांना असं हळवं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी चहा मागितला.

गेल्या वर्षी मात्र बाई अडकल्या. नवी कादंबरी लिहून होत आली होती, शेवटचा प्रसंग राहिला होता. प्रकाशकांचा फोन आला, "ताई, तुमचे नायक सगळं करतात, पेरू देतात, पाणी पितात, पण 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं एकदाही म्हणत नाहीत. या वेळी ते वाक्य पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर शेवट मी लिहून टाकतो."

मी लिहून टाकतो! क्वालिटीच्या बाईला कुणी म्हणावं की माल मी परस्पर पाठवतो! बाई पेटल्या.

"वाक्य तपासून बघू," त्या म्हणाल्या. "पास झालं तर घालीन."

तपासणीला अर्थात मी. स्वयंपाकघराच्या दारामागे शीलाताई पेन्सिल घेऊन उभ्या. मंगल ओट्यापाशी भाकरी थापत होती. मी केसांवरून हात फिरवला, रंगमंचावर टाकतो तसं एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणालो, "मंगल, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

मंगलचा हात पिठात थांबला. ती वळली. "काय फोडलंत?"

"काही नाही. प्रेम आहे, एवढंच."

"डॉक्टरांकडे गेला होतात का? रिपोर्ट आला का कसला?" आणि तिनं पिठाचा हात माझ्या कपाळाला लावला.

दारामागून अंगठा खांद्यावरून गेला. स्क्रॅप.

"बाई घाबरली," शीलाताई बाहेर येत म्हणाल्या. "ज्या वाक्यानं बाई घाबरते ते माझ्या नायकाच्या तोंडी?"

"वहिनी, तुम्ही होतात होय?" मंगल म्हणाली. "मग बरोबर. मी म्हटलं, यांना आपणहून कसं सुचलं!"

मग त्यांनी आमचे वॉचमन गंगाधरभाऊ यांना गाठलं. ते परभणीकडचे. लाजून लाजून त्यांनी टोपी पार पिळून काढली. "आपल्याला तसलं बोलता येतच न्हाई बगा, ताई. लग्नाआदी मी तिच्या घरचं पाणी भरलं, उन्हाळाभर. तिच्या आईला वाटायचं गडी कामाचा हाय."

बाईंचा हात एकदम डोक्यावर गेला. पास! पण गंगाधरभाऊंच्या घागरींत वाक्य कुठं होतं? बाई पुन्हा टेबलाशी जाऊन बसल्या. कागद चुरगळण्याचा आवाज खालपर्यंत येऊ लागला.

तेवढ्यात महिला मंडळानं शीलाताईंचा सत्कार ठरवला. प्रकाशक पाहुणे म्हणून येणार आणि बाई नव्या कादंबरीचा शेवट वाचून दाखवणार. "त्याच दिवशी ठरवू," प्रकाशकांनी कळवलं. "वाक्य असलं तर तुमचा शेवट, नसलं तर माझा."

रविवारी सकाळी पार्किंगमधल्या स्कूटर हलवून खुर्च्या मांडल्या. मी सूत्रसंचालक, झब्बा इस्त्रीचा. आमच्या बिल्डिंगमध्ये लेखिका राहते हे मी माइकवरून अशा थाटात सांगितलं, की जणू तिला मीच बांधकामाच्या वेळी बसवून घेतलं असावं. पुढच्या ओळीत मोरेदादा, पांढरा शर्ट, हातात शाल-श्रीफळ सांभाळायला दिलेलं. मागच्या ओळींत त्यांचे प्रेसशॉपचे जुने सोबती. दादांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते आपले माझ्या झब्ब्याकडे बघत होते.

शीलाताई उभ्या राहिल्या. वाचू लागल्या. प्रेसशॉप. यंत्रं आदळताहेत. क्वालिटीत नवीन लागलेली नायिका फर्स्ट पीस, म्हणजे पाळीतला पहिला नग, तपासायला लाइनवर येते. नायक रोज तो नग घेऊन उभा असतो. ती मोजते, निकाल देते, जाते. त्यांच्यात एक शब्द होत नाही, होऊच शकत नाही.

"आणि एक दिवस," शीलाताईंनी वाचलं, "तो आला तो रिकाम्या हातांनी."

इथं त्या थांबल्या. कागदाकडे बघितलं, मग पुढच्या ओळीकडे. प्रकाशक खुर्चीत पुढे सरकले. आता वाक्य येणार!

शीलाताईंनी कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि त्या मोरेदादांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपले दोन्ही हात उघडून रिकामे असल्याचं दाखवलं. मग एक बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला आणि भुवया उंचावल्या.

मी पास आहे का?

मागच्या ओळीतला एक म्हातारा "आयला, मोऱ्या!" असं म्हणाला आणि त्यानं लगेच तोंडावर हात ठेवला.

दादा बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी नारळ शेजारच्या मांडीवर ठेवला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्यावरून तिला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, अगदी तपासणीची बाई निरखते तसं. माझी नजर त्यांच्या अंगठ्यावर होती. दादांनी तळहात पालथा केला आणि होडीसारखा डोलवला.

रीवर्क!

मागच्या ओळींत हशा फुटला. म्हातारे मांड्या बडवू लागले. शीलाताईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी बोटांनी केस मागे सारले, न घातलेल्या शर्टाची कॉलर नीट केली आणि पुन्हा छातीवर बोट, पुन्हा गोल, पुन्हा भुवया. तेव्हा मला उमगलं. त्या दिवशी, प्रेसशॉपमध्ये, दादांना रीवर्क तिनं दिलं होतं. केस सारखे करून पुन्हा विचारलं होतं त्यानं. आज ती तो झाली होती आणि तो ती.

दादांचा हात वर गेला. डोक्याच्याही वर, लाइनच्या शेवटच्या माणसाला दिसावा इतका वर, बोटांचा गोल घट्ट जुळलेला. आणि तो खाली येईना. मग दादा शेजारच्या माणसाकडे वाकून, आपल्या समजुतीनं अगदी हळू, म्हणाले, "ही तर माझीच ष्टोरी हाय! ही वर बसून हेच लिहिती व्हय?"

सेक्टरभर ऐकू गेलं.

प्रकाशकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मी माइक त्यांच्यापुढे धरला तर म्हणाले, "नको. वाक्य नको. असंच छापू." माझी छाती अशी काही फुगली की इस्त्रीच्या झब्ब्याचं बटण गेलं. ते मंगलला अजून सापडलेलं नाही.

सगळे पांगल्यावर मी आणि मंगल घडीच्या खुर्च्या घेऊन वर निघालो, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर, जिथं मी नायिकेसकट बसलो होतो तिथंच, मोरेदादा आणि शीलाताई पायरीवर बसलेले. शाल दोघांच्या गुडघ्यांवर. त्यांचे हात भराभर चालले होते, इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम सांगावं तसे. दादांनी हात डोक्याच्या वर उंच धरून मान हलवली, बहुधा नायकाच्या उंचीबद्दल तक्रार असावी. शीलाताई आवाज न करता हसत होत्या. आवाज तर कुठंच नव्हता.

"अहो, चला ना पुढे, हात भरून आले," मागून मंगल म्हणाली.

मी वळून तळहात आडवा धरला. मशीन बंद. तिनं जिन्यातून डोकावून वर बघितलं आणि खुर्च्या हलकेच भिंतीला टेकवल्या. ती पायरीवर बसली.

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. छातीवर बोट टेकवलं, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, भुवया उंचावल्या.

मंगलनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं, तुटलेल्या बटणापाशी जरा थांबली आणि तळहात डोलवला. रीवर्क.

पण सरकून तिनं पायरीवर जागा केली.