घरतकाकांचा बॉक्स नापास

आमच्या मजल्यावरचे घरतकाका दुपारच्या वेळी स्वतःच्याच घराबाहेर, स्वतःच्याच बंद दाराला कान लावून उभे असायचे. अंगात बनियन, खाली चौकड्याची लुंगी, पायांत काही नाही. कोणी जिना चढून आलं की न वळता एक बोट ओठांवर ठेवायचे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे पिशव्या खाली ठेवायच्या आतच माझ्या डोक्यात कामांची यादी लागली: काकूंनी यांना बाहेर काढलंय का ते विचारणे, चावीवाल्याला फोन करणे, आणि प्रकरण मिटेपर्यंत खालच्या मजल्यावर कळू न देणे.

"परीक्षा चालू हाय," काका कुजबुजले. "बोलू नका, मॅडम."

परीक्षा बॉक्सची होती. आमच्या केबलवाल्याने धंदा बंद केला आणि पनवेलमधली आमची अख्खी इमारत टीव्हीला लावायच्या त्या छोट्या, इंटरनेटवर चालणाऱ्या बॉक्सकडे वळली. बाकीच्यांनी दुकानदार देईल तो घेतला आणि विषय संपवला. घरतकाकांनी मात्र परीक्षा मांडली. उरणकडच्या बंदरात त्यांनी उभा जन्म कंटेनर तपासण्यात घालवला होता. तळहातावर मावणारा बॉक्ससुद्धा ते खोक्यासकट सहा बाजूंनी टॉर्च मारून बघायचे, टिचकी मारायचे, सील नखाने चाचपायचे. उरण नाक्यावरचा दुकानदार त्यांना माल ट्रायलवर द्यायचा, कारण नाही म्हटलं तर काका दुकानातच बसून तपासणी सुरू करत.

अट एकच होती. जनाकाकूंना तो एकटीने लावता आला पाहिजे. काका घरात नाहीत असं धरून.

पद्धत ठरलेली. बॉक्स जोडायचा, काकूंना सगळं एकदा नीट दाखवायचं, "मी नाय असा समज" म्हणायचं आणि बाहेर येऊन दार ओढून घ्यायचं. आत काकूंनी टीव्ही सुरू करून त्यांची आवडती हळदीची गाणी लावायची, आवाज कमी करायचा, मग बंद करायचं. बाहेर काका नुसते ऐकणार. आतून कधी शांतताच येई, कधी भलत्याच भाषेतल्या बातम्या. एकदा क्रिकेट लागलं आणि ते काही केल्या बंद होईना. मग काका आत जात आणि निकाल देत. "बॉक्स नापास. बाई नाय."

काकूंना त्यांनी एकदाही नापास केलं नाही. दोष नेहमी बॉक्सचा.

एक बॉक्स सुरू होताच पडद्यावर विचारायचा, कोण पाहत आहे? आणि खाली नावं निवडायला सांगायचा. काकांनी तो त्याच दिवशी परत केला. "घरात एकच माणूस असला, तर त्याला कशाला इचारायचा कोण बघताय म्हणून? दुसरा कोण येणार हाय?" दुकानदाराने समजावलं की एकच नाव ठेवता येतं. काका म्हणाले, एकच नाव लिहिलेलं तर अजून वाईट दिसतं.

दुसऱ्या एका बॉक्सची सवय अशी की बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही तर गाणं थांबवून विचारायचा, अजून पाहताय ना? यावर काका चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हा बरा हाय. दिवसातून एकदा कोणतरी इचारील तिला." पण त्याच बॉक्सवर काकूंना गाणी सापडली नाहीत, म्हणून तोही गेला.

वीज गेल्यावर बॉक्स आपोआप पूर्वपदावर येतो का, हेही तपासायचं होतं. त्यासाठी काकांनी खाली मीटरच्या खोलीत जाऊन आपल्या घराचा समजून अख्ख्या विंगचा स्विच पाडला. लिफ्टमध्ये तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक अडकले. सोसायटीच्या सभेत त्यांनी तावातावाने विचारलं की घरत, तुम्ही घरात बसून तपासणी का करत नाही? काका उभे राहिले. "लाईट जाईल तवा मी घरात असेन का, सर?" सगळे हसले. मीही हसले. मग इतिवृत्त लिहायला घेतलं आणि त्या वाक्यापाशी माझं पेन थांबलं.

कारण त्या महिन्यात काकांची लुंगी कमरेला दोनदा गुंडाळावी लागत होती, आणि जिना चढताना ते प्रत्येक वळणावर कर्नाळ्याचा सुळका चढल्यासारखे टेकत होते.

मी आडवळणं घेत नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. फुप्फुस. मुंबईच्या डॉक्टरने दिवाळीचं काही बोलू नका म्हटलंय. जनाला ठाऊक नाही.

"तिला घरात आवाज लागतो, मॅडम," ते म्हणाले. त्यांचं गाव उलव्याच्या बाजूला होतं. ते विमानतळात गेलं आणि गावातली माणसं चार दिशांना पांगली. गावात होते तेव्हा ओटीवर बसलं की आजूबाजूच्या घरांतलं बोलणं कानावर यायचं. इथे फ्लॅटला दारं बंद. काकूंचे गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. मुलगी वापीला, तिचा संसार तिला पुरे. "आता मी बडबडतो दिवसभर. ती म्हणते, गप बसा जरा. पन मी गप बसलो तर कोण बोलंल?"

मी मदत करते म्हटलं. बॉक्सचा तक्ता करून दिला: रिमोटवर बटणं किती मोठी, गाण्यापर्यंत पोचायला किती वेळा दाबावं लागतं, वीज गेल्यावर काय होतं. काकांना तक्ता फार आवडला. एका बॉक्सचं सगळं बरोबर आलं. मोठी बटणं, सुरू केला की थेट गाणी. हा नक्की पास होणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. काका बाहेर उभे राहिले, मीही राहिले. आतून आवाज आला तो हवामानाचा अंदाज.

"बॉक्स नापास," काका म्हणाले. पण या वेळी ते भिंत धरून आत गेले.

पुढच्या आठवड्यात काकांचा पुतण्या त्यांना तपासणीसाठी मुंबईला घेऊन गेला. नापास बॉक्स परत करायचा राहूनच गेला होता. दुपारी मी पाण्याच्या वेळेची सूचना द्यायला त्यांच्या दारापाशी गेले, तर आतून हळदीची गाणी. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर रिमोट, हातांनी लसूण सोलणं चालू. मी पाहता पाहता त्यांनी गाणं बदललं, आवाज कमी केला, मग मुलीचा व्हिडिओ कॉल थेट टीव्हीवर घेतला, चार शब्द बोलून बंद केला आणि गाणं सोडलं होतं तिथूनच पुन्हा लावलं. लसणावरची नजर काढलीच नाही. माझ्या तक्त्यात नसलेलीही बटणं त्यांनी दाबली.

मग मी दिसले.

त्यांनी टीव्ही बंद केला नाही. मला बसायला पाट सरकवला आणि सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत राहिल्या.

"पहिलाच बॉक्स जमला होता मना," त्या म्हणाल्या.

मग मुद्दाम का, असं मी विचारलं. आजाराचं त्यांना कळलं होतं का, हे विचारायची गरजच राहिली नव्हती. काकांच्या उशीच्या अभ्र्यांवरचे खोकल्याचे डाग त्याच धुतात.

"ह्यांचं काम बाकी हाय तवर हे हायत," काकू म्हणाल्या. "मी ओळखते ना त्यांना. काम अर्धं टाकून हा माणूस कुठं जेवायलापन उठला नाय कधी."

त्यात मला सुधारता येण्यासारखं काही नव्हतं. मी पाण्याची सूचना दिली आणि घरी आले.

नंतर काकांना बाहेर उभं राहणं जमेना. हॉलमध्ये त्यांची कॉट टाकली. ऑक्सिजनचं मशीन घुमत असायचं आणि काका त्या आवाजावर चिडायचे, कारण त्यात बाकी काही ऐकू येत नाही. झोप नव्हती. डोळा लागला की दचकून उठत आणि काकूंना रिमोट कुठे ठेवलाय ते विचारत. डॉक्टर म्हणाले, यांना स्वस्थता हवी. काका म्हणाले, बॉक्स हवा.

एका दुपारी मला बोलावणं आलं. मोठ्या बटणांचा तो बॉक्स काकांनी पुन्हा आणवला होता. साक्षीदार म्हणून मी उभं राहायचं होतं. पुतण्याने त्यांच्या सांगण्यावरून कॉट फिरवली आणि काका भिंतीकडे तोंड करून पडले. मशीन थोडा वेळ बंद करा म्हणाले. ते आम्ही ऐकलं नाही. वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये थांबावं लागत होतं.

काकूंच्या हातात रिमोट होता. त्यांनी आधी काकांच्या पाठीकडे पाहिलं. बनियनच्या आत बरगड्या वरखाली होत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर लोकांना काय करायचं ते सांगत आलेली बाई, पण तेव्हा मला मान हलवता आली नाही, होकाराची नाही की नकाराची.

काकूंनी बटण दाबलं. टीव्ही लागला, गाणी लागली. ढोलकी, बायकांचा आवाज. त्यांनी आवाज कमी केला, पुन्हा वाढवला, मग बंद केलं.

 काकांचे खांदे खाली आले.

"जमला," ते भिंतीला म्हणाले.

"हा जमला," काकू लगेच म्हणाल्या, घाईने, जणू कोणी उठून चाललंय. "पन ते कपडे धुवायचं मशीन मना अजून कळत नाय. त्याची किती बटनं ती. तेवढं शिकवा."

कपड्यांचं मशीन त्या घरात कित्येक वर्षं काकूच चालवत होत्या. काकांना त्याचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं तेही ठाऊक नसावं. त्यांनी कष्टाने मान वळवली. डोळे मिटत आले होते.

"उद्या घेऊ," ते म्हणाले. "सकाळी. कपडे भिजवून ठेव."

आणि त्यांना झोप लागली.

मी चपला घालत होते तेव्हा काकू मोरीत बादली भरत होत्या. धुवायला काही शिल्लकच नव्हतं. सगळं वाळून घड्या होऊन कपाटात गेलं होतं. त्यांनी कपाट उघडलं, इस्त्रीच्या चादरी काढल्या आणि घडी न मोडता एकेक करून पाण्यात बुडवल्या.