फक्त हौशी गळ्यांसाठी

आमच्या कॉलनीतल्या गाण्याच्या स्पर्धेत नाव द्यायला गेलात, तर ‘गाणं कोणतं म्हणणार?’ असं तुम्हाला कोणी विचारत नाही. अहिरेअण्णा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात, तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, “गाण्याबद्दल आजवर कोणी साडी दिली?”

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा मी उडालेच! भर दुपारी, गणपतीच्या मांडवाशेजारी, चारचौघांत बाईमाणसाला असा प्रश्न? त्यात माझ्या मागे नवरा उभा. माझी बाजू घ्यायची सोडून तो मेला खुदुखुदु हसतोय.

“अण्णा, काय बोलताय काय?”

“साडी नाही तर शाल? नारळ? पाकीट?” अण्णा ढिम्म. “स्पर्धा हौशी गायकांची आहे ना ताई. गाऊन काही घेतलं, म्हणजे तो धंदेवाईक. नियम शे ना!”

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. नोकरी सगळी मनमाड जंक्शनवर, तिकीट तपासनीस म्हणून. आता नाशिकला, इंदिरानगरात, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. वहिनी गेल्या, मुलगा बंगलोरला, त्यामुळे घरात एकटेच. एरवी बोलतात तुमच्याआमच्यासारखं, पण नियमाचा विषय निघाला की त्यांची अहिराणी उफाळून येते. निवृत्त झाले तरी खिशातली रेल्वेची शिट्टी सुटली नाही, त्यावरून कॉलनीत त्यांना ‘शिट्टीवाला’ म्हणतात; आणि समोरचा माणूस विनातिकीटच असणार, ही त्यांची खात्रीही काही गेली नाही. अशा माणसाच्या हातात आम्ही गणपतीतली गायनस्पर्धा दिली! म्हटलं, रिकामे आहेत, खुर्च्या मांडतील. त्यांनी खुर्च्या मांडल्या नाहीत, नियम मांडले.

तर माझी गोष्ट. साडी, शाल, पाकीट, सगळ्याला मी ठणकावून नाही म्हटलं आणि वर जरा तोरा मिरवायला सांगितलं, की घोटीला नणंदेच्या डोहाळजेवणात मी डोहाळ्यांचं गाणं म्हटलं होतं, बायका नुसत्या ऐकत राहिल्या होत्या. झालं! स्वतःच्या पायावर धोंडा.

“तिथे ओटी भरली?”

“भरली की. सवाष्ण आहे मी.”

“गाण्याच्या आधी भरली की नंतर?”

“नंतर.”

अण्णांनी मान हलवली. तिकीट कालचं निघाल्यावर हलवत असतील तशी.

“अहो, सगळ्यांचीच भरली! गाणं म्हटलं म्हणून नाही.”

“बाकीच्यांच्या ओटीत काय होतं?”

“खण, नारळ, तांदूळ.”

“आणि तुमच्या?”

मी खोटं बोलायला हवं होतं. पण मला ते साधत नाही. “खण, नारळ, तांदूळ… आणि पेढ्याचा पुडा.”

“पुडा जास्तीचा शे ना!” अण्णा म्हणाले आणि मला बाद केलं. पेढ्यांवरून! गणपती समितीची चिटणीस मी, मांडवाच्या परवानगीसाठी हेलपाटे घालणारी मी, आणि मीच धंदेवाईक गायिका! घरी आल्यावर नवरा म्हणाला, “अगं, बरं झालं, कोणीतरी तुला व्यावसायिक म्हणालं.” त्याला त्या रात्री पिठलं खायला घातलं. दुसऱ्या रात्रीही.

बाकीच्या नियमांनी तर लोकांचे डोळेच पांढरे व्हायचे. गाण्याआधी ‘आज जरा घसा बसलाय’ म्हटलं की गुण कापले. ‘माझी काही तयारी नाही, यांनीच बळंबळं उभं केलं’ म्हटलं तरी कापले. मोबाइलवर ट्रॅक लावून गाणाऱ्याने ट्रॅकच्या पुढे पळायचं नाही. डोळे मिटून गायला परवानगी, पण एक हात कानावर ठेवायला नाही, कारण ‘ते शिकलेल्याचं लक्षण शे’. नातेवाइकांनी पहिल्या रांगेत बसून माना डोलवायच्या नाहीत. कुलकर्ण्यांच्या आजोबांना मान हलण्याचा आजार, त्यांना बिचाऱ्यांना डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागली! आम्ही थक्क. डॉक्टर आमच्याहून थक्क.

पण एक सांगते. कोणी कितीही बेसूर गायलं, गाणारा स्टेजवरून उतरताना कॉलनीच्या हॉलच्या मागून एक टाळी हटकून यायची. कडकडीत, एकट्याची. वळून बघावं तर दाराजवळ अण्णा. परीक्षकांनी कपाळाला हात लावलाय आणि हे टाळ्या वाजवतायत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकायला कमी येऊ लागलंय.

यंदा मात्र कहर झाला.

चौधरींची सून रूपाली लग्न होऊन आल्यापासून कॉलनीत कोणी तिचा आवाज ऐकला नव्हता. सासूबाई, म्हणजे आमच्या चौधरीकाकू, म्हणजे दोन्ही हातांत फटाके घेऊन फिरणारी बाई. सुनेची भाकरी जाड, सुनेचं झाडणं वरवरचं, हे आम्ही सकाळ-संध्याकाळ जिन्यात ऐकत आलोय. या पोरीने कोणाला न सांगता स्पर्धेत नाव दिलं. अण्णांनी साडीपासून पेढ्यापर्यंत सगळं विचारून तिला हौशी ठरवलं आणि रविवारी दुपारी ती स्टेजवर उभी राहिली. पदर घट्ट धरलेला.

आणि गायली हो! अंगावर काटा आला. पंखे चालू होते तेवढाच आवाज. पोरंटोरंसुद्धा गप्प. दुसरं कडवं चालू असताना चौधरीकाकू उठल्या. मी मनात म्हटलं, आता ही बया तिला हाताला धरून घरी नेणार. काकू तरातरा स्टेजवर चढल्या, सुनेच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, कमरेचा बटवा काढला आणि शंभराची नोट तिच्या मुठीत कोंबली. काकूंच्या डोळ्यांत पाणी! चौधरीकाकूंच्या! रूपाली तशीच गात राहिली. सगळा हॉल डोळे पुसत होता, माझा नवरासुद्धा.

तेवढ्यात मागून शिट्टी. रेल्वेची. कर्णकर्कश.

“बाद!”

रूपालीचं तोंड उघडं ते उघडंच. मग काकूंनी जो तोंडाचा पट्टा सोडला! “माझ्या सुनेला मी दिले, तुमच्या बापाचे दिले का? आयुष्यात पहिल्यांदा कौतुक करायला उठले, तर शिट्टी मारता? माणूस आहात का कोण आहात?” लोक खुर्च्यांवरून उठले. अण्णा दाराजवळ उभे, शिट्टी हातात, चेहरा पांढराफटक. शिट्टी खिशात घालून ते निघून गेले. स्पर्धा तिथेच मोडली.

समितीने लगेच ठरवलं: अण्णांना स्पर्धेतून काढायचं. सांगायला कोण जाणार? चिटणीस. मला काय, पेढ्यांचा राग होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून गेले.

दार उघडंच होतं. अण्णांनी मला बसवलं, न विचारता चहा ठेवला. मी एका दमात सगळं बोलून घेतलं. पुढच्या वर्षीपासून नियम आम्ही करू, स्पर्धाही आम्हीच घेऊ, तुम्ही आराम करा. मला वाटलं, भांडतील. पण त्यांनी नुसती मान डोलावली.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “वर्षभर मी त्याच एका दुपारची वाट बघत असतो, पण तुमचं बरोबर आहे.”

इथे मी उठायला हवं होतं. पण माझी जीभ! “अहो पण का? त्या पोरीचं गाणं का थांबवलंत? पाषाण आहात का तुम्ही?”

“गाणं नव्हतं थांबवायचं, ताई. नोट थांबवायची होती.”

चहा उतू जायला आला होता. त्यांनी गॅस बंद केला, कप माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत बोलायला लागले. रेल्वेत लागण्याआधी अण्णा बँड पार्टीत गायचे. लग्नाच्या बँडमध्ये! लाल कोट घालून, माइक धरून, वरातीच्या पुढे. मी कप तसाच धरून बसले. हा माणूस, धंदेवाईक?

“बहिणीचं लग्न ठरलं. आमचाच बँड सांगितला, तेवढाच स्वस्तात. मालक म्हणाला, गाणारा तूच आहेस, तू नाही आलास तर वरात मुकी जाईल. मग घातला लाल कोट. मांडवात कान पिळायची वेळ आली तर नवरीचा भाऊ कुठाय? भाऊ बाहेर माइक धरून उभा. चुलतभावाने पिळला.”

“अगं बाई,” माझ्या तोंडून निघालं.

“ती निघाली तेव्हा म्हटलं, हे एक गाणं आपलं. लहानपणी श्रावणात घरात कानबाई बसली की देवीपुढे आम्ही दोघं म्हणायचो, तेच धरलं. ती गाडीच्या दारात थांबून ऐकायला लागली. तेवढ्यात नवऱ्याकडचा एक जण आला, माझ्या कपाळाला नोट चिकटवली आणि म्हणाला, ‘ए बँडवाल्या, रडकं बंद कर, नाचायचं म्हण.’”

“मग?”

“म्हटलं नाचायचं. नोट लागली होती ना. तिने बघितलं आणि गाडीत बसली.” अण्णांनी भिंतीवरून नजर काढली. “पुढे तिला ते गाणं म्हणून दाखवायला कधी जमलंच नाही. आता तीही नाही. काल त्या पोरीच्या हातात नोट गेलेली दिसली आणि शिट्टी कधी वाजली, मलाच कळलं नाही.”

मी भांडायला गेलेली बाई, डोळे पुसत बसलेली. गार झालेला चहा घशाखाली ढकलला.

“चुकलंच माझं,” अण्णाच म्हणाले. “बाद गाणारी नाही, देणारा व्हायला पाहिजे. रूपालीला परत उभी करा. काकूंना हॉलबाहेर काढा.”

“काकूंना बाहेर काढायला पोलीस लागतील,” मी म्हटलं. ते हसले. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना हसताना.

“आणि अण्णा, स्पर्धा तुम्हीच घ्यायची. समितीला मी बघते. पण तुम्हीही एकदा गायचं.”

“मी बाद शे, ताई. कायमचा.”

“स्पर्धेत बाद. घरात गायला कुठला नियम आहे?”

अण्णा विचारात पडले. खरोखर पडले हो! मनातल्या मनात सगळे नियम चाळत असावेत. “घराचा नियम… नाही केला.” मग उठून त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. “तुम्ही काही देणार नाही ना?”

“छे! चहासुद्धा तुमचाच प्यायले.”

ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि गायला लागले. आवाज पार फाटलेला. मधे श्वास पुरेना, दोनदा थांबले, पुन्हा पहिल्यापासून धरलं. अहिराणीतले निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण इतका सुंदर गाणारा माणूस आमच्या समोर राहतो आणि आम्ही त्याला शिट्टीवाला म्हणतो, या विचाराने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी पदराने तोंड दाबून धरलं.

गाणं संपलं. ‘वा!’ अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला. न जाणो, तोही मानधनात धरायचे.