नेमीचंदकाकांचे पत्ते

शांताकाकूंचा हात माझ्यामुळे भाजला. नेमीचंदकाकांच्या गमती सांगण्याआधी हे कबूल करायला हवं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी रिसोडला मास्तर होतो, काकांच्या किराणा दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. गिऱ्हाईक आलं की डाळ तोलण्याआधी काका तीन पत्ते मांडत आणि चौथा त्याच्या हातात देत. "लावा कुठं लागते ते!" रंग जुळवायचा की आकडा, हे सांगत नसत. फक्त "बराबर" किंवा "गलत". पाच-सहा वेळा बराबर आलं की गुपचूप नियम बदलत.

"आत्ता तर लालावर लाल चालत होतं!"

"तवा चालत होतं. आता काहून चालन?"

चुकणाऱ्याला खडीसाखर. मी ती भरपूर खाल्ली. शिवाय काका आतल्या खोलीकडे ओरडत, "ऐकलं का वो, मास्तरबी अडकले!"

आत काकू असत. मेंदूज्वरातून उठल्यापासून त्यांचं मन एका कामावरून दुसऱ्यावर वळत नसे. कणीक मळू लागल्या की मळतच राहत. हा खेळ काकांना नागपूरच्या डॉक्टरनं काकूंसाठीच शिकवला होता. नियम बदलला की काकू म्हणत, "गलत हाय, मले समजते," आणि पुन्हा लालावर लालच ठेवत.

दुकानातला माल संपत आला. एका सकाळी काका म्हणाले, "मास्तर, आज हिनं चाल बदलली, तर हिले एकटीले घरी ठेवून माल आणाले मालेगावले जातो. नाही तं दुकान बंदच करा लागन."

सहा वेळा बराबर आलं. मग "गलत." पुन्हा "गलत." काकांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मी त्यांच्या मागेच उभा होतो. काकूंनी वर पाहिलं आणि मी डोळ्यांनी पत्ता दाखवला.

"बराबर!" काका जवळजवळ ओरडलेच. मी पुन्हा दाखवला. पुन्हा बराबर.

काका मालेगावला गेले. दुपारी मी शाळेतून आलो तो आत स्टोव्ह भणभणत होता. काकू पंप मारत होत्या, मारतच होत्या. "थांबाचं हाय, मले समजते," म्हणत होत्या आणि हात थांबत नव्हता. मी चावी सैल करेपर्यंत ज्वाळेनं त्यांचं मनगट गाठलं होतं.

काका परतले, पट्टी पाहून म्हणाले, "मलेच घाई झाली." मी वर खोलीत निघून गेलो.

आठ दिवस मी खरं सांगितलं नाही. एकदा डोकावलो तर काकूंसमोर काका स्वतःच पत्ते लावत होते, मुद्दाम चुकत होते, आणि काकूंना म्हणत होते, "पाह्य, मीबी अडकलो."

मी उंबऱ्यातच बसलो.

"काका, त्या दिवशी काकूंनी चाल बदलली नव्हती. तुमच्या मागून मी पत्ता दाखवत होतो. घाई तुमची नव्हती. काकू, मला माफ करा. काका, तुम्हीही."