कर्नलांची खाज आणि सुभेदारांचे कांबळे

पूर्वी श्वानांस खाज सुटे, आणि ते भिंतीस अंग घासून आपला कारभार आपण उरकीत, आणि कोणी त्यात दखल देत नसे. तो काळ आम्ही डोळां पाहिला. हल्ली खाजेवर मोहिमा काढाव्या लागतात. ऐशी एक थोर मोहीम शिराळा प्रांती जाहली, तिची हकीकत पुढील मंडळींस कळावी म्हणून लिहिली.

मानसिंग सुभेदार, फौजेतून पेन्शनीत आलेले, यांचे पदरी एक तांबडा गावठी कुत्रा होता. त्यास सुभेदारांनी 'कर्नल' हा किताब बहाल केला. सबब इतकीच की, उभी नोकरी कर्नलांचे हुकूम झेलण्यात गेली, आता एका कर्नलास तरी 'बैस' म्हणावे.

बैलांचा सण बेंदूर महिन्यावर आला असता कर्नलांस शेपटीचे मुळाशी जबर खाज उठली, आणि ते दातांनी कुरतडू लागले, आणि केस झडले, आणि मग कमरेवर लाल चट्टे उमटले. सणास लेकीचे सासरची मंडळी येणार. तेव्हा सुभेदारांनी रागाचे भरात फर्मान सोडिले की, बेंदरापूर्वी खाज न मिटल्यास कर्नलांची रवानगी फलटणास मेहुण्यांचे मळ्यावर, कायमची. हुकूम तोंडून निघाला आणि खुद्द सुभेदारांनी हातची अर्धी भाकर कर्नलांपुढे सरकविली; परंतु दिला हुकूम मागे घेणे त्यांचे रक्तात नव्हते.

मग फौजी शिरस्त्याने रोज पहाटे कर्नलांस धुण्याचे साबणाने स्नान सुरू जाहले. कातडी कोरडी पडली आणि खाज दुणावली. तेव्हा सुभेदारांचे कुटुंब मनुबाईसाहेब रणात उतरल्या.

"आवं, त्येला रोज कशाला आंगूळ? तुमी तरी करताय व्हय रोज?"

सुभेदारांनी साबण आणखी जोराने घासला. इतक्यात शेजारचे आप्पासो डबा घेऊन कुमकेस आले.

"सुभेदार, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडा. लय जालीम!"

"आदी तुमच्या टकलाला लावा," बाईसाहेब म्हणाल्या. "क्येस उगवलं तर बगू."

आप्पासो डब्यासह माघारी फिरले. आणि मग उभयतां कर्नलांस रिक्षात घालून जनावरांचे दवाखान्यात दाखल जाहले. तेथील अंकिता डॉक्टरीणबाईंनी बारीक फणीने केस विंचरले, आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेविले, तो कापूस लाल जाहला. गनीम हाती लागला: पिसवा! ते कण म्हणजे कर्नलांचे रक्त प्यालेल्या पिसवांची विष्ठा. बाईंनी वजन पाहून औषध दिले, रोजचे स्नान मना केले, जळके ऑइल चाटल्यास जिवावर बेतेल ऐसे बजाविले, आणि पुसले, "हा झोपतो कुठं?"

सुभेदार सावधान उभे राहिले आणि छताकडे पाहू लागले.

"सांगा की आता!" बाईसाहेब म्हणाल्या. "डॉक्टर, ह्यांच्या मिलिटरीच्या कांबळ्यावर. रिटायर झाल्यापास्नं त्येला पाणी ठावं न्हाई. मला हात लावू देत न्हाईत!"

ते कांबळे लेहच्या बर्फात सुभेदारांचे उशापायथ्याशी होते. कर्नल पिलू असता थंडीने कुडकुडले, तेव्हा सुभेदारांनी ते त्यांस मानाने पांघरले. आता गनिमाची छावणी तेथेच, आणि अंडीही तेथेच. उकळत्या पाण्यात न बुडविल्यास औषध फुकट, ऐसा डॉक्टरीणबाईंचा निवाडा पडला. बुडविले तर लोकर आखडणार, हेही त्यांनी लपविले नाही.

घरी येऊन सुभेदार अंगणात बसले. एकीकडे कांबळे, एकीकडे कर्नल, आणि कर्नल आपले खाजवीतच होते. मग सुभेदार उठले, आणि आपल्या हाते चूल पेटवून हंडा चढविला, आणि कोणास जवळ येऊ न देता कांबळे आत लोटून काठीने दाबून धरिले. गनिमाची छावणी तेथे बुडाली. पुढे कोनाकोपरा झाडून काढिला, औषधही वेळचे वेळी चालू राहिले, आणि बेंदरापूर्वी चट्ट्यांवर नवी लव आली. फलटणची रवानगी रद्द जाहली. तसा हुकूम कोणी दिला नाही, कोणी मागितलाही नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपले बाजूचे नुकसान कांबळे एक, आखडून टॉवेलाएवढे राहिले. सुभेदारांनी ते एकवार उन्हात धरून पाहिले आणि दोरीवर टाकिले. आणि मग ओसरीवर बसून, कर्नलांचे डोके मांडीवर घेऊन, अंगावर एकही गनीम उरला नसताही, त्यांची मान आपल्या हाते खाजवीत राहिले.